वु घराण्याचं लिमाचं दार

तोआन घरजावई होता, आणि वु घराण्यानं ही गोष्ट त्याला कधी विसरू दिली नाही. लाल नदी समुद्राला मिळते त्या सपाट, पाणथळ मुलखात तो डोंगराकडून आला होता, एक पत्र्याची पेटी आणि दोन सदरे घेऊन. लुआ बापाची एकुलती एक. म्हाताऱ्याला टाकून ती सासरी जाईना, म्हणून नवराच तिच्या दारी आला. आता बाप जाऊनही बरीच वर्षं झाली होती, मुलगी शहरात शिवणकामाच्या कारखान्यात लागली होती, तोआनच्या कानशिलांवर पांढरं दिसायला लागलं होतं. पण घराण्याच्या पंगतीत त्याची जागा होती तीच राहिली. थोरल्यांच्या चटया वर, पूर्वजांच्या वेदीसमोर. जावयांची चटई सगळ्यात खाली, स्वयंपाकाच्या छपराला लागून, जिथं धूर डोळ्यांत जायचा आणि ताटात कोंबडीची मान आणि पाठ यायची.

धंदा त्याचा रंगाऱ्याचा. भिंतीबिंती नव्हे, लोखंडी दारांना लाकडाचं रूप द्यायचं. त्या मुलखात लाकडी दार म्हणजे हत्ती पोसणं. पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात तडकतं, उरलंसुरलं वाळवी बघते. म्हणून लोक लोखंडी चौकटीवर पत्रा ठोकून दारं करून घेत आणि तोआनला बोलावत. तो आधी पिवळसर अस्तर द्यायचा, त्यावर गडद तपकिरी हात मारून ओल्या रंगातच ब्रशनं, चिंधीनं, रबरी ठशानं रेषा ओढायचा, आणि वरून वार्निश. बघता बघता पत्र्याचा सागवान व्हायचा. लोक खूश व्हायचे. पण कुणाचा नवरा काय करतो असं विचारलं की लुआ म्हणायची, "बांधकामावर आहेत." तोआनला ते ऐकू यायचं. 

वु घराण्यानं त्या वर्षी कुळाचं नवं देऊळ बांधलं, सिमेंटचं. कर्ते होते खांगकाका, लुआच्या बापाचे थोरले चुलतभाऊ. नव्या वर्षाचा सण उरकला आणि त्यांनी तोआनला चहाला बोलावणं धाडलं. तोआन गेला आणि सवयीनं उंबऱ्याशीच टेकला.

"जावईबापू, वर या, वर! तिथं काय परक्यासारखे बसता?" खांगकाकांनी स्वतःच्या हातानं त्याच्या पेल्यात चहा ओतला.

तिथं बसलेल्या दोघा-तिघा काकांनीही मान हलवून जागा करून दिली. तोआनला कुठं बघावं कळेना.

खांगकाकांची अडचण अशी होती. कालव्यापलीकडच्या बुइ घराण्यानं आदल्या वर्षी आपल्या देवळाला खऱ्या लिमाची दारं बसवली होती. लिम म्हणजे लोखंडालाही लाजवेल असं लाकूड, हल्ली डोळ्यांनाही दिसत नाही. बुइंच्या पंगतीत भाताची दारू पोटात गेल्यावर खांगकाका बोलून बसले होते, "आमचीही लिमाचीच येताहेत. लाओसहून." शब्द गेला तो गेला. लिम काही मिळालं नाही. लोहारानं लोखंडाची दारं करून आणून लावली होती.

"तुमच्या हातात कसब आहे, सगळे सांगतात," खांगकाका म्हणाले. "असं लिम काढा की त्या बुइंच्या किएन सुतारालाही कळता कामा नये."

"काढेन की काका. पण हवा बघा. आता नोम लागेल, समुद्रावरचा ओला वारा. नोममध्ये लोखंडाला घाम फुटतो, घामावर रंग धरत नाही. वार्निश तर मुळीच नाही. महिना-दोन महिने थांबलात तर—"

"पुण्यतिथी थांबेल का? मूळपुरुषाला जाऊन सांगू, आजोबा, यंदा जरा उशिरानं मरा?"

सगळे हसले. तोआनही हसला.

"आणि हे ऐका," खांगकाका जवळ सरकून म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही माझ्या चटईवर. पाहुण्यांच्या मांडीला मांडी लावून. फक्त रंगाचं नाव काढायचं नाही. कबूल?"

कबूल न होण्यासारखं त्यात तोआनला काही दिसलं नाही. घरी येऊन त्यानं लुआला सांगितलं तेव्हा ती डुकरांसाठी केळीचं खोड चिरत होती. विळा तसाच हातात राहिला.

"वरच्या चटईवर? तुम्हाला?"

"स्वतः म्हणाले."

"बाबा असते तर..." एवढंच बोलून ती परत चिरायला लागली. पण जेवताना तिनं अंड्यांचं पोळं केलं, तसं काही कारण नसताना.

तोआननं जीव ओतून काम केलं. नोम लागलाच होता. समुद्रावरून ओला वारा येई आणि गावभर सगळं पाझरू लागे. फरशीवर पाणी, भिंतींवर पाणी, आगकाडी ओढावी तर नुसता लगदा. तोआननं दारांना ताडपत्रीचा तंबू ठोकला, आत कोळशाच्या शेगड्या पेटवल्या, लोखंड हाताला ऊबदार लागेपर्यंत थांबायचं आणि मग घाईनं हात मारायचा. पुसायचं, घासायचं, थिनरनं तेलकटपणा काढायचा, परत शेकायचं. धुरानं त्याचे डोळे सुजले. खांगकाका रोज येऊन बघून जात. घराण्यातली पोरंटोरं, बाया, म्हातारे, सगळ्यांनी ताडपत्रीत डोकं घालून बघितलं. ते काम लपूनछपून झालेलं नव्हतं.

आणि दारं झाली अशी की तोआन स्वतःच त्यांच्याकडे बघत राहिला. लिमाचा तो काळसर, मधासारखा रंग, त्यातल्या लांब नागमोडी रेषा, मध्येच बारीक काळे ठिपके. उभ्या फळीच्या रेषा उभ्या, आडव्या पट्टीच्या आडव्या, आणि दोन्हींच्या सांध्यावर केसाएवढी सावली. आजवर त्यानं पुष्कळ दारं रंगवली होती, पण असं कधी उतरलं नव्हतं. वार्निश वाळायला मात्र हवा तेवढा वेळ मिळाला नाही. पुण्यतिथीच्या सकाळी शेगड्या उचलाव्या लागल्या, देवळात उदबत्त्या लागायच्या होत्या.

त्या दिवशी लुआनं त्याच्या सदऱ्याला इस्त्री केली. नोममध्ये इस्त्री केलेला सदरा गेटापर्यंत जाईतो ओला होतो, तरी केली.

खांगकाकांनी दारं सताड उघडून ठेवली होती आणि दोन्हींच्या पुढ्यात संत्र्यांच्या झाडांच्या मोठाल्या कुंड्या मांडल्या होत्या, कुणी जवळ जाऊन टिचकी मारू नये म्हणून. बुइ घराण्याची माणसं आली, फळं आणि दारू वेदीवर ठेवली, वाकून नमस्कार केले. त्यांच्यात किएन सुतार होता. पाठीत वाकलेला, हात मागं बांधलेला म्हातारा. नमस्कार करून तो सरळ दाराशी गेला आणि कुंडीच्या अलीकडून बघत उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला. खांगकाकांच्या कपाळावर घाम आला.

"वा," म्हातारा शेवटी म्हणाला. "हात कुणाचा हा?"

"पलीकडच्या जिल्ह्यातल्या सुताराचा," खांगकाका घाईनं म्हणाले.

"सुताराचं नाही विचारत मी. वरचं काम कुणाचं? पॉलिश म्हणा, रंग म्हणा." किएन वळला आणि वरच्या चटईवर बसलेल्या तोआनकडे त्याची नजर गेली. "तू लुआचा नवरा ना रे? बांधकामावरचा? तुझा हात आहे का यात?"

आता खरं म्हणजे तोआनला हो म्हणता आलं असतं. लिमालाही पॉलिश लागतंच. ‘हो आजोबा, पॉलिश माझं,' एवढं म्हणाला असता तर खांगकाकांचा शब्दही राहिला असता आणि त्याचा हातही. हे त्याला नंतर सुचलं, आणि सुचल्यावर पुढं कित्येक दिवस सुचतच राहिलं. त्या घटकेला मात्र त्याला दिसले फक्त खांगकाकांचे मोठे झालेले डोळे, आणि आपल्या मांडीखालची ती चटई.

"छे हो आजोबा," तो हसून म्हणाला. "मी कसला? मी आपलं पाणी वाहिलं."

लुआ चिकट भाताचं ताट घेऊन मागेच उभी होती. तोआननं मान वळवली तेव्हा तिनं ताट खाली ठेवलं होतं आणि ती दुसऱ्या चटईकडे निघाली होती.

पंगत बसली. उकडलेली कोंबडी आली, बांबूच्या कोंबांचा रस्सा आला, पेले भरले गेले. बाहेरचा ओला वारा उघड्या दारांतून आत येत होता, आणि शेगड्या काढल्यामुळं लोखंड आता गारठलं होतं. तोआनला ते इतरांच्या आधी दिसलं. डाव्या दाराच्या वरच्या अंगाला आधी धुकं धरल्यासारखं झालं. मग त्या धुक्यातून थेंब झाले. मग एक थेंब दुसऱ्याला मिळून घळकन खाली ओघळला. लाकूड ओल पिऊन टाकतं, त्याला असा घाम फुटत नाही. तोआननं घास तोंडात तसाच धरला आणि कुणाचं लक्ष जाऊ नये म्हणून देवाला विनवलं.

बुइंच्यातल्या एका तरुणाचं गेलंच. "अहो, तुमचं लिम रडतंय की!"

सगळ्यांच्या माना वळल्या. दोन्ही दारांवरून पाणी ओघळत होतं. किएन उठला, कुंडीला वळसा घालून गेला, पंजा दारावर ठेवला, काढला, आणि ओला हात विजारीला पुसला.

"लाओसहून आलंय बिचारं," तो म्हणाला. "गावची आठवण येत असेल."

बुइ घराणं खदाखदा हसलं. हसणं वाईट नव्हतं, पंगतीतलं होतं, आणि खांगकाकांनी ते हसण्यावारी नेलं असतं तर तिथंच संपलं असतं. पण त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग तांबडा झाला, आणि त्यांनी पेला आपटला.

"मी याला लिम आणायला सांगितलं होतं!" ते तोआनकडे बोट करून ओरडले. "जावई म्हणून विश्वास टाकला. यानं आम्हाला लोखंड रंगवून दिलं! आम्हाला काय कळणार? आम्ही साधी माणसं!"

देवळात वु घराण्याची शंभरेक माणसं होती. प्रत्येकानं तोआनला शेगड्यांच्या धुरात रंगवताना बघितलं होतं. एकही बोललं नाही. एक काका रश्श्यात काहीतरी शोधत राहिले. आणि तोआन तरी काय बोलणार होता? आत्ताच तर त्यानं सगळ्यांदेखत सांगितलं होतं, मी पाणी वाहिलं म्हणून.

"खोटं आहे ते, थोरले काका." लुआचा आवाज आला. ती बायकांच्या चटयांपाशी उभी होती, हातात रिकामी परात. "लोखंड तुम्हीच करवून घेतलंत. रंग ह्यांनी दिला. तुमच्या सांगण्यावरून दिला. तुम्ही रोज येऊन बघत होतात."

"लुआ, गप!" एक म्हातारी आत्या पुटपुटली. "पाहुणे आहेत गं."

"पाहुण्यांना दिसतंय की सगळं. लपलंय काय?" ती म्हणाली. मग तिनं परात भिंतीला टेकवून ठेवली, पायऱ्यांवरून चपला शोधून घातल्या आणि निघून गेली.

तोआननं तिच्या मागोमाग उठायला हवं होतं. पाय उठले नाहीत. खांगकाका जरा वेळानं घसा खाकरून म्हणाले, "चला, चला, जेवा. अन्नावर राग नको. जावईबापू, घ्या." आणि त्यांनी आपल्या काड्यांनी कोंबडीची तंगडी उचलून तोआनच्या वाडग्यात घातली. तोआननं ती खाल्ली. भातही खाल्ला. पाहुण्यांनी पेला पुढं केला तेव्हा पेलाही रिकामा केला. जन्मात पहिल्यांदा त्याच्या वाट्याला तंगडी आली होती, आणि तिची चव कशी होती हे त्याला नंतर कधी आठवलं नाही.

तो घरी आला तेव्हा लुआ अंगणात तांदूळ निवडत होती.

"जेवलात?"

"हो."

"बरं झालं."

ती रागावली असती, भांडली असती, भांडी आदळली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं काहीच केलं नाही.

गावाला मात्र बोलायला विषय मिळाला. ‘पाणी वाहिलं' हे वाक्य दोन्ही गावांत फिरलं आणि तोआनचं नाव पडलं पाणक्या. बाजारात मासेवाली ओरडायची, "पाणक्या, टोपली जड झालीय, ये की जरा!" सायकल दुरुस्तीवाला पंक्चर बघायचं घमेलं पुढं करायचा, "एवढं भर रे, तुझा तर हातखंडाच आहे." तोआन हसायचा. हसण्यावाचून दुसरं काय करणार. पण कान असे तापायचे की त्यानं बाजाराची वाट सोडून बांधावरून जायला सुरुवात केली. कुणाच्या घरी रंगवायला गेला की पाठ दाराकडे करून काम करायचा. चांगली ओढलेली रेषाही त्याला बघवेना. मी हिला नाकारलंय, असं वाटायचं. दारू प्यायलेला बाप पोराला ओळख दाखवत नाही, तसं.

एकदा दुपारी पाऊस होता, काम बंद होतं. दोघं ओसरीवर बसून शेंगा फोडत होती. तोआन म्हणाला, "तू तेव्हा बोलली नसतीस तर बरं झालं असतं."

"कुणासाठी?"

त्यानं हातातलं टरफल खाली टाकलं. "तू गेलीस आणि मी बसून राहिलो. त्याची मला लाज वाटते. दाराची नाही."

लुआनं मांडीवरच्या शेंगा बाजूला सारल्या.

"मी एक सांगू?" ती म्हणाली. "सकाळी तुम्ही त्या चटईवर बसलात ना, ते बघून मला रडू आलं होतं आनंदानं. स्वयंपाकघरात जाऊन मी सगळ्या वहिन्यांना म्हटलं, बघा, बघा. जन्मभर मी नवरा बांधकामावर आहे म्हणून सांगत आले, आणि त्या दिवशी चटईसाठी मिरवले. तुम्ही पाणी वाहिलं म्हणालात तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं काय, माहीत आहे? बरं झालं, निभावून नेलं. ते वाटलं आणि मग अंगावर काटा आला. म्हणून बोलले मी. तुमच्यासाठी नाही."

 तोआननं तिच्यापुढची टरफलं गोळा करून बाहेर टाकली.

पुढं ऊन तापू लागलं, पश्चिमेचा कोरडा वारा सुटला, आणि खांगकाकांचा निरोप आला. दारांवरचं वार्निश दुधाळलं होतं, पिकल्या मोतीबिंदूसारखं. पाणी मुरलं होतं तिथं पांढरे ओघळ कायमचे उमटले होते. ‘जमल्यास बघून जावे,' असा निरोप होता. आधी कधी ‘जमल्यास' नसायचं.

तोआनला जायचं नव्हतं. देऊळ रस्त्याला लागून, दिवसाढवळ्या सगळ्या गावादेखत ते दार परत घासायचं म्हणजे बाजारात उघडं उभं राहण्यासारखं. पण काम त्याच्याच हातचं होतं आणि बिघडलंही त्याच्या हातचंच. नोममध्ये वार्निश मारू नये हे सगळ्या गावात त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? चटईच्या लोभानं त्यानं ते मारलं होतं. तो पॉलिश पेपर आणि डबे घेऊन गेला.

वरचा दुधाळ थर हलक्या हातानं घासायचा, खालच्या रेषांना धक्का लावायचा नाही. जाणारे-येणारे थांबत. "पाणक्या, यंदा पाणी खालून की वरून?" शाळेतून येणारी पोरं हसत. तोआनची मान गरम व्हायची, तो घासत राहायचा. ओल्या चिंधीनं भुकटी पुसली की खालून लिम परत वर यायचं, जसंच्या तसं. निदान तेवढं शाबूत होतं.

दुसऱ्या दिवशी खांगकाका आले. हातात चहाची किटली, दोन पेले. पायरीवर बसले. तोआनही जरा वेळानं येऊन बसला.  खांगकाकांनी बांबूची गुडगुडी ओढली, खोकले.

"आता यावर पाणी धरणार नाही ना?"

"पाणी धरेलच काका. लोखंड आहे ते. पण वार्निश पांढरं पडणार नाही."

"हं." पुन्हा गुडगुडी. "लुआ मला हाक मारत नाही हल्ली. रस्त्यात भेटली की टोपी पुढं ओढते."

तोआन पेल्यात बघत राहिला.

"माझा तोल गेला त्या दिवशी," खांगकाका दाराकडे बघत म्हणाले, तोआनकडे नाही. "एवढी माणसं, आणि तो म्हातारा. दुसरं कुणी समोर नव्हतं ढकलायला."

त्याला माफी म्हणावं की काय, तोआनला कळेना. पण म्हातारबाबा विझलेली गुडगुडीच ओढताहेत हे त्यानं बघितलं, आणि त्याला राग यायच्या ऐवजी त्यांची आणि स्वतःचीही सारखीच कीव आली. "चहा चांगला आहे काका," तो म्हणाला. खांगकाकांनी पेला परत भरला.

काम संपलं, तरी तोआनच्या जिवाला एक टोचणी राहिलीच. शेवटी एका सकाळी त्यानं केळ्यांचा घड सायकलला बांधला आणि कालवा ओलांडून बुइंच्या गावात गेला. किएन सुतार आपल्या छपरात रंधा मारत होता. गुडघ्याएवढ्या भुशात उभा.

"आजोबा, मी तोआन. वुंच्या देवळाचं दार मी रंगवलं होतं."

"कोणतं दार?" म्हाताऱ्यानं कानामागं हात धरला. "हां, हां, ते रडकं! त्याचं काय? सोललं का?"

"नाही. वार्निश बिघडलं होतं, केलं नीट."

"मग?"

मग काय, हे तोआनलाच सांगता येईना.  "त्या दिवशी तुम्ही मला विचारलंत, तुझा हात का म्हणून. मी नाही म्हणालो."

किएननं रंधा खाली ठेवला. "तो रंगवणारा तू होतास? अरे, मला वाटलं खरंच पाणी वाहणारा आहेस! तुमचे काका ओरडले, तुझी बायको बोलली तेव्हा मी दाराशीच होतो, मला कमी ऐकू येतं, मला काही धड कळलं नाही. लोखंड आहे हे तर मला लांबूनच दिसलं होतं, एवढी सरळ फळी लिमाची निघते होय? मी विचारत होतो तो रंगवणारा कोण. नंतरही दोन माणसांना विचारलं. कुणी सांगेना, नुसते हसायचे. नातवाच्या घराची दारं करायची होती. मग दिली दुसऱ्याला. त्यानं सागवान म्हणून जे काढलंय ना, शेणानं सारवल्यासारखं!"

म्हातारा पोटभर हसला. तोआनला हसू येईना, रडूही येईना. इतके दिवस त्याला वाटत होतं की या माणसाच्या नजरेतून आपण उतरलो. या माणसाला तो आठवतही नव्हता. आठवत होता फक्त हात, आणि त्या हाताला धनी नव्हता.

"बस की," किएन म्हणाला. "केळी कशाला आणलीस? बरं, आणलीस ते आणलीस. इकडे ये. तुझी एक चूक दाखवतो."

त्यानं कोपऱ्यातून एक फळी ओढली, उभी धरली आणि तिच्या डोक्यावरची धूळ फुंकली. "हे बघ. फळीचं डोकं. इथं रेषा नसतात, इथं ठिपके असतात, गोल गोल, दाटीनं. तू दाराच्या वरच्या कडेलाही रेषाच ओढल्यास. खालून कुणाला दिसत नाही म्हणून?"

"खालून कुणाला दिसत नाही म्हणून," तोआन म्हणाला.

"मला दिसलं. नमस्काराला मी वेदीच्या वरच्या पायरीवर चढलो होतो."

तोआन भुशात उकिडवा बसला आणि फळीचं डोकं बघू लागला. कान अजून तापलेलेच होते. म्हाताऱ्यानं दुसरी फळी काढली, मग तिसरी, प्रत्येकीचे ठिपके निराळे. तोआन बोटानं चाचपून बघत राहिला. ऊन चढलं, आतून कुणीतरी जेवायला हाका मारल्या, तरी दोघंही हलले नाहीत.

तो घरी पोचला तेव्हा लुआ जेवायची थांबली होती.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, वरची कड चुकली."

"एवढंच?"

"नातवाची दारं दुसऱ्याला देऊन बसले. मी बोललो नाही म्हणून."

लुआनं भाताचा वाडगा त्याच्यापुढं सरकवला. "मग उद्या शिडी घेऊन जा आणि ती कड नीट करा," ती म्हणाली. "मी येते शिडी धरायला."

पाणक्या हे नाव काही गेलं नाही. बाजारात अजूनही कुणी ना कुणी हाक मारतंच, आणि तोआनचे कान अजूनही लाल होतात. दुसऱ्या दिवशी मात्र लुआ भर रस्त्यात देवळाच्या पायरीवर शिडी धरून उभी राहिली. येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी कुणी विचारलंच, काय चाललंय म्हणून, तर ती वर बोट दाखवून सांगत होती, "माझे यजमान रंगारी आहेत. कड राहिली होती, ती रंगवताहेत."